वर थोडासा तिसरा हात

माझ्या होणाऱ्या सासूबाई रविवारी अकरा वाजता पहिल्यांदाच आमच्या घरी येणार होत्या, आणि बुधवारी संध्याकाळी बाबांना घरामागचा डेक अचानक जुनाट दिसायला लागला.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की हा लाकडी फळ्यांचा डेक, बारा पावलं लांब. नऊ वर्षांच्या उन्हापावसाने तो राखाडी पडला होता, पण आजवर ते कुणालाच खुपलं नव्हतं. बाबांनाही नाही. पण माझ्या सासरी 'फर्निचरचं काम' असतं एवढं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि तेवढ्या माहितीवर त्यांनी मनातल्या मनात एक तीन मजली शोरूम उभं केलं होतं.

"लाकडाची माणसं आहेत ती," बाबा म्हणाले. "आल्या आल्या नजर खाली फळ्यांवर जाणार."

"जाऊ दे की," आई म्हणाली. "नजरेला काय काटा रुततोय?"

पण बाबांनी कागद-पेन घेतलं होतं, म्हणजे विषय संपला होता. बाबांनी एकतीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं बसवली. कुठली गाडी कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी पोचणार, हे ठरवणारा माणूस. निवृत्त झाल्यावर गाड्या गेल्या, सवय तशीच राहिली. गुरुवारी डेक धुवायचा, शुक्रवारी सकाळी नऊला स्टेन लावायचं, शनिवारी वाळेल, रविवारी खुर्च्या मांडायच्या. कागद फ्रिजवर चिकटला.

स्टेन म्हणजे लाकडात मुरणारं रंगीत तेल. ते आणायला मी बाबांबरोबर गेले होते. रंगाच्या दुकानात काउंटरवर एक बाई होत्या, चष्मा डोक्यावर, बाहीवर सात रंगांचे डाग. बाबांनी डबा पुढे ठेवून एकच प्रश्न विचारला, "वाळायला किती तास?"

"लाकूड जुनं की नवं?" बाईंनी उलट विचारलं. "ऊन लागतं की सावली? धुऊन किती दिवस झाले?"

"ते असू दे. तास किती?"

"काका, तसं नेमकं सांगता येत नाही. डब्यावर चोवीस ते अठ्ठेचाळीस लिहिलंय, पण हवा दमट असली तर..."

"म्हणजे छत्तीस," बाबा म्हणाले आणि लिहून घेतलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "पातळ लावा," त्या शेवटी म्हणाल्या. "एकच हात. लाकूड जेवढं पितं तेवढंच द्यायचं, आणि वर राहिलेलं पंधरा मिनिटांनी फडक्याने पुसून काढायचं." बाबांनी मान डोलावली, पण हे लिहून घेतलं नाही.

शुक्रवारी बाबांनी गुडघ्यांना उशा बांधून काम सुरू केलं. दुपारी मी ऑफिसातून फोन केला तेव्हा आई म्हणाली, "एक हात झाला. फार सुंदर दिसतंय म्हणून दुसरा देतायत." संध्याकाळी घरी आले तर डबा रिकामा. डेक मधासारखा चमकत होता. बाबा दारात कमरेवर हात ठेवून उभे होते.

"उद्या रात्री नऊला तयार," ते म्हणाले. "पाहुणे यायला वर चौदा तास शिल्लक."

शनिवारी सकाळी बाबांनी बोट टेकवलं, बोट तपकिरी झालं. दुपारी टेकवलं, पुन्हा तेच. शेजारच्या झाडाची पानं येऊन बसली होती, ती उचलायला गेलं तर येईनात. मग घरातले दोन्ही पंखे दारात आले. नंतर आईला न्हाणीघरात केस वाळवायचं यंत्र सापडेना. ते सापडलं तेव्हा बाबा दारात पालथे पडून एका फळीला गरम वारा घालत होते.

"अहो, अशाने पुढच्या मार्चपर्यंत होईल," आई म्हणाली.

बाबांनी तिसऱ्यांदा दुकानात फोन लावला. या वेळी त्यांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणजे दोष कुणाचा ते आम्हालाही कळावं.

"काका, किती हात दिलेत?" बाईंनी विचारलं.

बाबांना एकदम खोकला आला.

"अहो काका, ते वाळत नाहीये कारण ते लाकडात गेलेलंच नाही. वरच बसलंय. पुसलं होतंत का?"

"मी नंतर करतो फोन," बाबा म्हणाले आणि ठेवला. त्या रात्री जेवताना ते फ्रिजवरच्या कागदाकडेच बघत राहिले. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. आयुष्यात गाडी चुकली ती नेमकी लेकीच्या वेळी, असा त्यांचा चेहरा झाला होता.

रविवारी सकाळी त्यांनी नवा हुकूम काढला. बैठक बाहेरच्या खोलीत. मागचं दार बंद. दारापुढे खुर्ची. डेकचा विषय कुणीही काढायचा नाही.

बरोबर अकराला बेल वाजली. सेकंदसुद्धा इकडेतिकडे नाही. बाबांचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा उजळला. दारात माझा होणारा नवरा आणि त्याच्या मागे त्याची आई. मी त्यांना फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. प्रत्यक्षात त्या चांगल्याच उंच निघाल्या, कापलेले पांढरे केस, इस्त्रीचे कपडे, आणि चालणं असं जपून की जणू परीक्षेला आल्यात. बूट दाराशी काढून त्या कोचाच्या कडेवर बसल्या.

प्रवास कसा झाला, ऊन फार आहे, इकडे पाणी कधी येतं, असं सगळं बोलून झालं. आई वाट्यांची मांडणी बदलत राहिली. तेवढ्यात सासूबाईंनी नाक वर केलं.

"मागे लाकडाला तेल लावलंय का कुणी?"

"नाही, म्हणजे... शेजारी," बाबा म्हणाले.

पण त्या उठल्याच. वास कुठून येतोय त्या दिशेने सरळ स्वयंपाकघरात. आई मागे धावली, मी आईच्या मागे. खुर्ची त्यांनी एका हाताने बाजूला केली, दार उघडलं, आणि बाबा "थांबा!" म्हणून ओरडले तेव्हा सासूबाईंचा उजवा पाय बाहेर पडला होता.

चट्ट असा आवाज झाला. त्यांनी पाय उचलला. पाय वर आला, मोजा तिथेच राहिला.

माझं लग्न मोडलं असं मला स्पष्ट वाटलं. सासूबाई एका पायावर उभ्या राहून त्या मोज्याकडे बघत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. चौकटीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"नवीन घेतले होते हो," त्या म्हणाल्या. "खास आजच्यासाठी!"

मग त्या उंबऱ्यात बसल्या आणि नखाने फळी खरवडून पाहिली. हसू तसंच होतं, पण नजर बदलली होती.

"किती हात दिले?"

"दोन," बाबा म्हणाले.

"दोनच?"

"आणि वर थोडासा तिसरा."

"पुसलं?"

"नाही." बाबा शाळेत उभ्या केलेल्या मुलासारखे बोलत होते. "डबा उरत होता, म्हटलं संपवू."

"मीही सुरुवातीला असंच करायचे. जुने सुती कपडे आहेत का घरात? आणि थोडं टर्पेंटाइन?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. शोरूम वगैरे काही नव्हतं. सासूबाई लोकांच्या मोडक्या खुर्च्या-टेबलं दुरुस्त करायच्या, त्यांना पॉलिश करायच्या, घराच्या मागच्या खोलीत, एकट्याने, बावीस वर्षं. तळहात दाखवले त्यांनी. रेघांमध्ये तपकिरी रंग कायमचा बसला होता.

टर्पेंटाइन बाबांच्या हत्यारांच्या पेटीत निघालं. जुने कपडे म्हटल्यावर आई आत गेली आणि बाबांचे डेपोतले सहा शर्ट घेऊन आली. कित्येक वर्षं ती ते काढून टाकायची संधी शोधत होती.

"अगं, ते नको," बाबा म्हणाले.

"मग लेकीचं लग्न नको का?" आईने पहिला शर्ट टर्रकन फाडला.

आम्ही पाचही जण ओळीने गुडघ्यांवर बसलो. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने फळीच्या रेघेच्या दिशेने पुसायचं, फडकं चिकट झालं की दुसरं घ्यायचं. सासूबाई मध्ये होत्या आणि दोन्ही बाजूंना रागे भरत होत्या. "आडवं नाही, उभं! जावईबापू व्हायचंय ना तुला, मग जोर लाव." माझ्या होणाऱ्या नवऱ्याने बिचाऱ्याने मान खाली घालून जोर लावला.

तासाभराने बाबांनी धीर करून विचारलं, "तुम्ही अगदी ठोक्याला अकराला कशा काय पोचलात?"

"घाबरून," त्या म्हणाल्या. "मुलाने सांगितलं होतं, सासरे मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवतात. साडेदहालाच आलो. मग कोपऱ्यावर गाडीत बसून राहिलो घड्याळ बघत."

बाबांनी फडकं खाली ठेवलं. "अर्धा तास?"

"अर्धा तास. मी दोनदा म्हटलं, परत जाऊ या."

बाबा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "मी तीन दिवस झोपलो नाही, विहीणबाई." त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच आला. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन फळीकडे वळली.

दोन वाजेपर्यंत चिकटपणा गेला. डेकची चमक गेली, पण लाकडाच्या रेघा दिसायला लागल्या, आणि खरं सांगायचं तर ते आधीपेक्षा देखणं होतं. वापरलेली फडकी सासूबाईंनी गोळा करू दिली नाहीत. "तेलाची फडकी ढिगात ठेवली तर आतल्या आत तापून पेट घेतात," म्हणाल्या, आणि प्रत्येक तुकडा सुटा करून अंगणातल्या दगडांवर पसरून ठेवला. बाबांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीची अशी वाळवणं झाली.

जेवलो आम्ही स्वयंपाकघरात, उभ्याउभ्याच, कारण कुणाचेच कपडे कोचावर बसण्याच्या लायकीचे नव्हते. लग्नाचं सगळं बोलणं जेवता जेवता ओट्याभोवतीच झालं. जाताना आईने सासूबाईंना स्वतःचे मोजे दिले. ते त्यांना दोन बोटं आखूड होते, पण तसेच घालून त्या गेल्या.

पुढचे पाच दिवस बाबा रोज संध्याकाळी त्यांना फोन करायचे. बोट टेकवलं, लागलं नाही. सावलीकडची फळी अजून गार लागते. आज अनवाणी चाललो. मागून आई विचारायची, "माझ्याशी कधी इतकं बोललात का हो?" आणि फोन ओढून घ्यायची. मग त्या दोघींचं तासभर चालायचं.

महिन्याने सासूबाई पुन्हा आल्या, या वेळी टेम्पोतून, आणि बरोबर एक झुलती खुर्ची घेऊन. कुणीतरी टाकून दिलेली, त्यांनी नव्याने उभी केलेली. डेकवर ठेवल्यावर सगळ्यांनी पाळीपाळीने बसायचं असं ठरलं. पहिली पाळी आईची. ती बसली, दोन झोके घेतले, डोळे मिटले, आणि सहा वाजले तरी उठली नाही. बाबा मात्र शेवटपर्यंत पायरीवर बसून होते, विहीणबाईंकडून जुन्या खुर्चीचा पाय कसा काढायचा ते शिकत.