चाळीस अँपिअरचा दोषी

"हा मेला परत उडाला," फेर्मिन पुटपुटला आणि त्यानं माझ्यावर गारेगार ठेवलं.

मित्रांनो, तो मेला म्हणजे मी. मी एक जुना ब्रेकर आहे, चाळीस अँपिअरचा, अंगठ्याच्या नखाहून जरा मोठा. तोर्रेऑन शहरातल्या एका शाळेच्या स्पर्धेतल्या रोबोटात डाव्या चाकांच्या मोटरची वीज माझ्यातून जाते. माझ्या पोटात एक पत्ती आहे. वीज मर्यादेबाहेर गेली की ती तापते, वाकते आणि वाट तोडते. निवली की पुन्हा जोडते. मोटर जळू नये, वायर पेटू नये, एवढ्यासाठी माझा जन्म.

गेलं वर्ष सुखाचं होतं. रोबोट सावकाश चालायचा, मी एकदाही उडालो नाही. तेव्हा हाच फेर्मिन, वायरिंग सांभाळणारा, मला 'आमचा गुणी' म्हणायचा. यंदा संघातल्या एका मुलीच्या वडिलांनी, उबाल्दोकाकांनी, रविवारच्या मांस भाजायच्या बैठका सोडून आपल्या लेथवर जास्त वेगाचे नवे गिअर कापले, तेही फुकट. रोबोट पळायला लागला. पण समोरच्याला ढकलायची वेळ आली की मोटर अडते, वीज ओढत सुटते, आणि ती सगळी माझ्या पोटातून. मी उडतो. डावी बाजू मरते, रोबोट जागच्या जागी गोल फिरतो, लोक हसतात. शिव्या मला.

मग चिंचेचं गारेगार ठेवून माझा ताप उतरवायचा. वितळायला लागलं की फेर्मिन ते चोखून खातो. मोठा ब्रेकरही त्यानं बसवून पाहिला, स्पर्धेच्या तपासनीसानं तो नियमाबाहेरचा म्हणून काढायला लावला. मला तो तपासनीस फार आवडला.

मित्रांनो, कुणी सारखं बंद पडत असेल तर त्याला नावं ठेवण्याआधी त्याच्यावर किती भार टाकलाय ते बघा. माझं मागणं एवढंच.

आता जेवणाची सुट्टी होती. पुढचा सामना हरलो की घरी जायचं होतं.

"म्हातारा झालाय तो," काका म्हणाले. "फेक आणि नवा बसव."

"नवा काल बसवला होता, काका. तोही उडाला, म्हणून हाच परत लावला."

"मग वायर सैल असेल."

"ओढून बघितली."

"बॅटरी?"

"तीही बदलली."

फेर्मिननं नव्या गिअरकडे बघितलं आणि पटकन आपल्या बुटांकडे. जुने गिअर पेटीच्या तळाशी होते. सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांचं नाव कोणी काढत नव्हतं. काकांच्या बोटांवर लेथच्या चुऱ्यानं झालेल्या जखमा अजून ओल्या होत्या.

नेरेईदा काकांची मुलगी, रोबोट तीच चालवते. शाळेचं तिचं हे शेवटचं वर्ष. तिनं माझ्यावरचं गारेगार उचलून फेर्मिनच्या हातात दिलं.

"सांगायला तुझं मन धजत नाही ना? मग मीच बोलते," ती म्हणाली, आणि वडिलांकडे वळली. "पप्पा, ब्रेकर त्याचं काम नीट करतोय. तुमचे गिअर चुकलेत."