माशांच्या लांबीतला शेवटचा अंक

तृप्ती भंडाऱ्याला खोली करून संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत होती. प्रकल्पासाठी लागणारे मासे तिचा बा, धनीराम, मोजून देई. वैनगंगेकाठचं ढिवराचं घर ते. बा रोज जाळं टाके, माशांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजे आणि संध्याकाळी तृप्तीचा फोन आला की आकडे सांगे.

आकडे खरोखर मोजलेले असतील, तर त्यांचा शेवटचा अंक शून्यापासून नऊपर्यंत साधारण सारखाच विखुरलेला हवा. ते तपासायला तिनं काय-स्क्वेअर चाचणी लावली, तीही केवळ रीत म्हणून. उत्तर भलतंच आलं. जिकडेतिकडे सात आणि तीन. शून्य जवळपास नाहीच. योगायोगानं असं घडणं जवळजवळ अशक्यच. मनानं आकडे सांगणारा माणूस शून्य टाळतो, हे वर्गात शिकवलं होतं.

बा खोटं बोलला? तिनं गावाकडची सकाळची पहिली एसटी पकडली.

बा अंगणात जाळं सांधत बसला होता.

"बा, माह्यासमोर एक मासा मोज."

त्यानं टोपलीतला रोहू फळीवर ठेवला, चाचपडत पट्टी लावली आणि शेपटीशी बोट टेकवून म्हणाला, "दोनशे सत्तेचाळीस."

तृप्ती हबकली. पट्टी उलटी होती. वरच्या बाजूला एकही रेघ नव्हती.

"बा, ही तं कोरी बाजू आहे!"

बाचं बोट तिथंच थिजलं.

"कधीपासून दिसत नाई तुले?"

"दिवाळीपासून धुरकट झालं. आता नुसता उजेड समजते."

"अन् अशा डोळ्यांनी डोंगा घेऊन नदीत जाऊन राहिला? सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तू शिक्षन सोडून घरी बसली असती, माय. नदी मले हातानं समजते. ह्या बारीक रेघा नाई समजत."

दारात उभी असलेली आई, गुणाबाई, पुढं येऊन त्याच्या डोळ्यांत पाहू लागली. एका घरात राहून तिला पत्ता नव्हता.

तृप्ती खोटं पकडायला आली होती.

त्याच दिवशी भंडाऱ्याला डोळे दाखवले. एका डोळ्याचा मोतीबिंदू निघेल, दुसऱ्याची नस गेली, असं डॉक्टर म्हणाले. तृप्तीनं सगळे आकडे पुसले आणि सरांना खरं कारण कळवलं.

परतताना एसटीत बा विचारत होता, "मंग तुह्या परीक्षेचं कसं?" तिनं नुसता त्याचा हात घट्ट धरून ठेवला.