रुई पोटात घेऊन बसलेला संगणक

मी एक जुना संगणक आहे मित्रांनो, आणि स्वभावाने फार भित्रा आहे. कुणी माझ्या बटणाकडे बोट नेले तरी माझ्या जिवाचे पाणी पाणी होते. आज तरी धड चालू होईन ना, ही काळजी मला अगदी जन्मापासून आहे.

नागपूरच्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले आणि मला सौंसरजवळच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात आणले. कापसाच्या गाड्यांच्या वजनाच्या पावत्या मी छापत असे. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हा गडी कधी अडत नाई." त्या एका कौतुकावर मी कितीतरी हंगाम काढले. पण जिनिंगच्या हवेत रुई, म्हणजे कापसाचे बारीक तंतू, उडते. माझा पंखा हवा ओढायचा, तशी रुईही ओढायचा. जिथे मी सगळ्यात जास्त तापतो, नेमकी तिथेच ती थोडी थोडी जाऊन बसली. मला कळत होते, पण सांगणार कसे? पुढे ऑफिसात लॅपटॉप आला आणि मला गोदामात टाकून दिले.

तिथून मला पांढुर्ण्याच्या गुणवंताने उचलले. जुने-नवे संगणक विकण्याचे त्याचे दुकान आहे. त्याने मला वरवर पुसले, गेम खेळता यावेत म्हणून एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड बसवले आणि फळीवर मांडले. माझ्या एका बाजूला होता टीव्हीला लावून गेम खेळायचा पांढराशुभ्र कन्सोल, दुसऱ्या बाजूला रंगीत दिव्यांचा, काचेच्या अंगाचा संगणक. गिऱ्हाइके त्या दोघांसमोरच थांबायची. एकदा गुणवंता माझ्याकडे पाहून म्हणाला, "दिवाळीपर्यंत नाई गेला, तं हा भंगारात." तेव्हापासून मला भंगारवाल्याच्या प्रत्येक हाकेची धास्ती वाटू लागली.

अशात एक दिवस मोहगावचे पुंडलिकराव दुकानात आले. त्यांचा संत्र्याचा छोटा बगीचा आहे. सोबत त्यांची बायको पंचफुलाबाई, कॉलेजात जाणारी मुलगी दिपाली आणि धाकटा कुलदीप. दोघा भावंडांत मिळून एकच वस्तू घ्यायची, असे घरून ठरले होते.

"ताई, कन्सोल घेऊ. टीव्हीले लावला का खेळणं चालू. काई झंझट नाई," कुलदीप म्हणाला.

"अन् मंग एकेक गेम इकत घेत बसजो," दिपाली म्हणाली. "संगणकावर फुकटचे गेम हायेत, माह्या कॉलेजचं कामही होते. पुढं कार्ड जुनं झालं तं तेवढंच बदलवता येते."

दोघांचेही खरे होते, हीच तर पंचाईत. पुंडलिकराव नुसते डोके खाजवत उभे राहिले.

मग पंचफुलाबाई पुढे आल्या. संत्री निवडण्यात त्यांचा जन्म गेला आहे. वरून चमकणारे फळ हातात हलके लागले की ते पोचट, जड लागले की रसाने भरलेले, हे त्यांच्या हाताला पक्के ठाऊक. त्यांनी आधी कन्सोल उचलला. "हलका हाय." मग काचेचा संगणक. "हा तं पुरा पोचट." शेवटी मला दोन्ही हातांनी उचलले आणि त्यांचा चेहरा खुलला. "हा भरेल हाय. हाच घ्या."

मित्रांनो, आनंद व्हायचा सोडून मला धडकीच भरली. माझे वजन जुन्या जाड पत्र्याचे. त्यात रस कुठला? दिपाली हसली. "आई, संत्रं हाय का ते?" पण तिने माझ्यावर एक गेम चालवून पाहिला, थोडा वेळ मी नीट चाललो, आणि मी त्यांच्या खिशालाही झेपत होतो. गुणवंता म्हणाला, "काकू, आठ दिवस वापरा. नाई जमलं तं वापस आणा." वापस आलो की माझे काय होणार, ते मी एकटाच जाणून होतो.

घरी कुलदीपने गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. शर्यत रंगात आली, तसे माझे पोट तापले, पंखा किंचाळू लागला आणि पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. "म्या म्हणलं होतं ना, कन्सोल घेऊ," कुलदीप रडकुंडीला आला. निवड पंचफुलाबाईंची होती. त्या पदराचे टोक चिवडत बसल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुंडलिकरावांनी संत्र्याची रिकामी पेटी आणली, तिच्यात भाताचे वाळलेले तणस अंथरले आणि मला ठेवले. "उद्या पांढुर्ण्याले जाऊन देऊन येतो," ते म्हणाले. संपले, असेच मी धरून चाललो.

सकाळी दिपाली पेचकस घेऊन आली. "बाबा, जराक थांबा. एकडाव आतून पाहू द्या." तिने माझी बाजू उघडली, स्क्रू काढून पंखा वर उचलला. खाली करडा, दाबून बसलेला थर होता.

पंचफुलाबाई वाकल्या. "अवो माय, हे तं रुई हाय."

एके काळी कापूसही वेचलेल्या बोटांनी त्यांनी तो थर अलगद सोडवून काढला. दिपालीने रंगाच्या ब्रशने कोपरे झाडले. मग पंखा परत बसवून गेम लावला. कुलदीपने आधी माझ्या अंगाला हात लावून पाहिला, तापलो तर नाही ना म्हणून. हळूहळू तो हात लावायचे विसरला. शर्यत संपली, दुसरी सुरू झाली आणि पेटी बगीच्यात परत गेली.

खेळ आटोपल्यावर पंचफुलाबाईंनी मला उचलले. "रुई काढली, तं हलका तं नाई झाला ना हा?" घरात कुणी हसले नाही. त्यांनी अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "नाई. तेवढाच हाय."

मित्रांनो, माझ्यासारखे कुणी घरी आणायचे असेल, तर दिवे पाहून भुलू नका, वजनावरही जाऊ नका. रोज काय काम पडणार ते आधी ठरवा आणि पोट उघडून दाखवायला सांगा. घरी आणल्यावरही अधूनमधून आतला केर काढा. आमचा जीव तेवढ्यानेच वाचतो.

मला काळजी अजूनही आहे. कार्ड म्हातारे होईल, नवे गेम पेलवणार नाहीत. पण पंचफुलाबाई खालची धूळ पुसायला मला उचलतात आणि क्षणभर हातात तोलून धरतात. तेवढा वेळ मी जमेल तितका जड होऊन राहतो.