आधी म्हाताऱ्याची उदबत्ती

आईने बाप्तिस्म्याचे पांढरे कपडे अंगावर चढवून बघितले होते, ही गोष्ट मला माहीत होती आणि दादाला नव्हती. ती गेली त्याच्या आदल्या आठवड्यात तिने मला तैपेईला फोन करून सांगितलं होतं. सांगताना हसत होती. म्हणाली, "आरशात बघितलं तर काय, स्वतःच्याच मयताला निघाल्यासारखी दिसत होते." मग तव्यावर काहीतरी करपतंय म्हणून तिने फोन ठेवला.

दक्षिण तैवानमधल्या चियायीत, बाजारामागच्या गल्लीत तिचं न्याहारीचं दुकान होतं. अंड्याची धिरडी, मुळ्याच्या वड्या, सोयाबीनचं दूध. बाबा गेल्यावरही तिने ते एकटीने चालू ठेवलं. तिथेच त्या दोन मुली यायला लागल्या. लांब स्कर्ट, डोक्यावर हेल्मेट, छातीवर नावाची काळी पट्टी. दोघी सायकलवरून फिरणाऱ्या मॉर्मन मिशनरी. त्यांतली सिस्टर ऑस्टलर वीस वर्षांची होती, अमेरिकेत आयडाहोतल्या बटाटे पिकवणाऱ्या घरातली. आईला त्यांची मोठी गंमत वाटे. चहा नाही, कॉफी नाही, आणि पहाटे उठून देवाचं पुस्तक वाचायचं, मग यांचे डोळे उघडे राहतात तरी कसे, असं ती मला फोनवर विचारायची.

पुढे तिला कळलं, की ही पोरगी वर्षभर दारोदार फिरतेय आणि तिच्या हातून अजून एकाचाही बाप्तिस्मा झालेला नाही. त्यानंतर आईचा सूर बदलला. "बिचारी रोज दुकान उघडून बसते आणि गिऱ्हाईक नाही. पहिल्या वर्षी मीसुद्धा अशीच बसायचे." ती त्यांना फुकट दूध देऊ लागली, मग त्यांचं ऐकू लागली, मग रविवारी प्रार्थनाघरात जाऊ लागली. मेल्यानंतरही कुटुंब एकत्र राहतं, असं त्यांच्यात मानतात. हे मला सांगून ती म्हणाली होती, "तुझ्या बाबांबरोबर अनंतकाळ! विचार करून सांगते म्हटलं."

ती गेली ती तव्यासमोरच. मी पोहोचले तेव्हा दुकानापुढे मांडव उभा राहिला होता आणि आमचं मरण आपल्या घरात येऊ नये म्हणून शेजाऱ्यांनी आपापल्या दारांवर लाल कागद चिकटवले होते. दादाने ताइचुंगहून येताना गुरुजी ठरवूनच आणले होते. पांढऱ्या कपड्यांची गोष्ट मी त्याला स्वयंपाकघरात सांगितली. तो कप विसळत होता.

"आईने?" तो म्हणाला. "आपल्या आईने?"

त्याला राग आला नव्हता, तो घाबरला होता. चर्चच्या पद्धतीने तिला निरोप दिला तर उदबत्ती नाही, गेलेल्यासाठी कागदी सोनं जाळायचं नाही, आणि देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या पाटीवर बाबांच्या नावाशेजारची जागा कायमची रिकामी. मोठा मुलगा म्हणून ते त्याच्या माथी येणार होतं. मी म्हटलं, तिने ठरवलं असेल तर तिला परत उदबत्तीकडे वळवायचा आपल्याला हक्क नाही. मला स्वतःला ना त्या देवाचं काही होतं, ना या देवांचं. तिला चुकीच्या दाराने बाहेर काढायचं नाही, एवढंच मला हवं होतं. आम्ही दोघंही हळू आवाजात बोलत होतो. बाहेर आत्या आणि शेजारच्या बायका कागदाची कमळं दुमडत बसल्या होत्या, त्यांचे हात मात्र थांबले होते.

गुरुजींना घाई होती, त्यांना संध्याकाळी दुसरीकडे जायचं होतं. "मग तिलाच विचारा ना," ते म्हणाले आणि खिशातून दोन नाणी काढून त्यांनी दादाच्या हातावर ठेवली. एक छाप आणि एक काटा पडला तर हो. दोन्ही काटे पडले तर नाही. दोन्ही छाप पडले तर गेलेलं माणूस नुसतंच हसतंय.

दादा आईच्या फोटोसमोर गुडघ्यांवर बसला. आई, तुला त्या चर्चच्या पद्धतीने जायचंय का, असं त्याने विचारलं. दोन्ही छाप. परत विचारलं, परत दोन्ही छाप. मग मी उलटं विचारलं, आपल्याच पद्धतीने जायचंय का? एक नाणं छापावर पडलं आणि दुसरं घरंगळत फ्रीजखाली गेलं. दादा पालथा पडून बघायला लागला.

"छापच आहे," तो जमिनीवरूनच म्हणाला.

"हसतेय," गुरुजी म्हणाले. "तुमचा प्रश्नच चुकतोय. तिने कुणाला तरी मनातलं सांगितलं असेल, त्यांना विचारा."

आईच्या फोनमध्ये नंबर होताच. मी फोन केला आणि दुपारी त्या दोघी सायकलवरून आल्या. दादाने रीतीप्रमाणे येणाऱ्या माणसाच्या हातात द्यायची पेटती उदबत्ती पुढे केली. सिस्टर ऑस्टलरचे हात अंगाशीच राहिले. तिचा चेहरा लाल झाला, मग ती फोटोपुढे कमरेत खूप खाली वाकली, इतरांसारखीच तीनदा. दादाने ती उदबत्ती स्वतःच राखेत खोचली. तिची जोडीदारीण सिस्टर फोनोटी सामोआची होती, चांगली उंचापुरी. ती सरळ बायकांमध्ये मांडी घालून बसली आणि कमळ कसं करायचं ते दाखवा म्हणाली. थोड्याच वेळात आत्या दुसरीला सांगत होती, "बघ, परक्या मुलखातली पोर आणि हिच्या पाकळ्या तुझ्यापेक्षा सरळ."

सिस्टर ऑस्टलरला मी आत घेऊन गेले. दादाही मागोमाग आला. मी तिला सरळच विचारलं, की आईने बाप्तिस्मा घ्यायचं नक्की केलं होतं का. तू सांगशील तसं आम्ही करू, असंही म्हटलं.

"त्या हो म्हणाल्या होत्या असं सांगितलं, तर तुम्ही त्यांना आमच्याकडे न्याल?"

"नेऊ," मी म्हटलं. दादा नळाकडे बघत होता.

तिने चष्मा काढून ओढणीसारख्या पातळ रुमालाने पुसला. माझी नजर तिच्यावरून हलली नाही. वर्षभर फिरून हाती काही न लागलेल्या मुलीला एक शब्द बोलायचा होता फक्त, आणि तो खोटा म्हणायला कुणी उरलं नव्हतं.

"त्या नाही म्हणाल्या, ताई," ती म्हणाली. "कपडे घातले, आरशात बघितलं, हसल्या. मग बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, मी पाण्यात उतरले तर म्हाताऱ्याला सकाळ-संध्याकाळ उदबत्ती कोण लावणार? मुलगा ताइचुंगला, मुलगी तैपेईला. आणि मी चिडले. मी चिडायला नको होतं. मी म्हटलं, देव घेईल काकांची काळजी. तर म्हणाल्या, देवाला काय माहीत, ह्याला कोथिंबीर चालत नाही ते."

दादाच्या घशातून एक आवाज आला. तो हसला होता, आणि मग त्याने घाईघाईने नळ सोडला.

तेवढ्यावर आमचं उत्तर झालं होतं. तिला तिथेच थांबता आलं असतं, पण ती थांबली नाही. सगळं सांगायला हवं, असं म्हणून तिने पुढचं सांगितलं. त्यांच्यात एखादा माणूस बाप्तिस्मा न घेता गेला तर वर्षभराने घरच्यांच्या परवानगीने मंडळीतलं दुसरं कुणीतरी त्याच्या नावाने पाण्यात उतरतं. तरीही स्वीकारायचं की नाही ते गेलेल्याने पलीकडे ठरवायचं, त्याच्यावर सक्ती नाही. आईची समजूत घालायला म्हणून तिने हे त्या बाकावर आईला सांगितलं होतं.

"मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, अगं, हे आधी नाही का सांगायचं? मग घाई कसली? आधी म्हाताऱ्याची उदबत्ती, तुमचं नंतर बघू."

दादाने नळ बंद केला.

"आमच्यातही आईचं नाव बाबांच्या शेजारी बसवायचं ते वर्षानेच," तो म्हणाला. "तुमचंही वर्षच?"

"हो."

"बघ," तो माझ्याकडे वळला. "काय बाई होती. दोन्हीकडे एकच तारीख देऊन गेली."

सिस्टर ऑस्टलर खाली बघत होती. तिला वाटत होतं, की आईने ते कपडे केवळ तिच्यासाठी घातले, तिला वाईट वाटू नये म्हणून. तसं तिने हळूच विचारलंही. नाही म्हणणं सोपं होतं. पण तिने आम्हाला खोटं सांगितलं नव्हतं.

"थोडं तुझ्यासाठी असेल," मी म्हटलं. "पण मला फोनवर सांगताना ती हसत होती. तिला आवडलं नसतं ना, तर मला सांगितलंच नसतं."

दादाने परत नाणी घेतली. या वेळी तो बराच वेळ बोलत होता. आई, आपल्या पद्धतीने करतो. बाबांची आणि तुझी उदबत्ती मी ताइचुंगला नेतो, सकाळ-संध्याकाळ लावतो. कोथिंबीर लक्षात ठेवतो. बाकीचं वर्षाने, तू म्हणालीस तसं. एक छाप पडला, एक काटा. तीनदा विचारायचं असतं, असं आत्याने सांगितलं. दादाने मात्र तेवढ्यावरच नाणी गुरुजींना परत देऊन टाकली.

निघताना सिस्टर ऑस्टलर फोटोसमोर उभी राहिली, दोन्ही हात छातीशी बांधून. आमच्यात मयताच्या घरून निघताना कुणी निरोपाचं बोलत नाही, आणि पुन्हा भेटू हे तर मुळीच नाही. तसं म्हणणं म्हणजे पुढचं मरण बोलावणं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि वर्षभर दारोदार जाऊन ती दुसरं काही सांगतही नव्हती.

"मावशी," ती स्पष्ट म्हणाली, "पुन्हा भेटू."

बायकांचे हात थांबले. आत्याने तोंड फिरवून थू थू केलं. सिस्टर फोनोटीने तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं, तशी तिची मान लाल झाली. चुकले, माफ करा, असं ती दादाला म्हणाली. पण बोललेलं तिने मागे घेतलं नाही, आणि दादानेही ते घ्यायला लावलं नाही. सुतक असणाऱ्याने पाहुण्यांना पोचवायला बाहेर जायचं नसतं. तो त्यांच्या मागोमाग सायकलींपर्यंत गेला, म्हणून मीही गेले.

"वर्षाने तू कुठे असशील?" त्याने विचारलं.

"घरी. आयडाहोत."

"मग आमची परवानगी विचारायला कोण येणार?"

"दुसरी कुणी सिस्टर येईल."

"दुसरी नको," दादा म्हणाला. "तूच फोन कर. मी हो म्हणेन असं नाही. पण विचार."

तिने मान हलवली आणि हेल्मेटचा पट्टा लावायला घेतला, तो काही केल्या तिला लागेना. शेवटी दादानेच तो लावून दिला. आतून आत्या ओरडत होती, की सुतकातली माणसं अशी रस्त्यात काय उभी आहेत, आत या. त्या दोघी वळणापलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघंही तिथेच उभे होतो.