मठाबाहेरचे चार तास

सन १०८४. सात माणसं आल्प्सच्या या खोऱ्यात चढून आली, माणसं टाळायला.

कोबीचं पान लाटण्यानं ठेचायचं आणि दुखऱ्या गुडघ्यावर बांधायचं.

मठातल्या प्रत्येक खोलीच्या दाराशेजारी भिंतीत एक झडप. बाहेरून जेवण ठेवायचं, झडप लावायची. आतला हात बाहेरच्याला दिसत नाही.

१९०३. सरकारी हुकमानं सैनिकांनी मठाचं दार कुऱ्हाडींनी फोडलं. साधूंना प्रार्थनेतून उठवून सीमेपार घालवलं. पुढे ते परत आले.

नवे बूट चावतात.

मार्चमधला सोमवार होता आणि ऑदील जंगलातल्या वाटेवर मधोमध उभी होती. मठाच्या दारावरच्या ब्रदरनं तिला सकाळीच सांगितलं होतं,

"भेटीचे दोन दिवस जूनमध्ये असतात, बाई."

"मी दोन पत्रं टाकलीत माझ्या भावाला. आई अंथरुणाला खिळली, ये. आई गेली, ये."

"उपासाचे चाळीस दिवस पत्रं देत नाहीत. बंद पाकिटं ईस्टरपर्यंत मठप्रमुखांच्या, प्रिअरच्या खणात असतात. निरोप द्या, मी प्रिअरना सांगतो."

"नको. त्याला मीच सांगणार."

अकरा दिवसांपूर्वी चार शेजाऱ्यांच्या मदतीनं तिनं आईला पुरलं होतं. भावानं पत्रं वाचूनही पाठ फिरवली, असं धरून ती इथवर आली होती. त्यानं ती वाचलीच नव्हती. राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला. तो मठात गेल्यापासून एकोणीस वर्षं गाई, शेण, आईची आंघोळ. आणि याला साधं पाकीट फोडायचंही काम नाही. आज त्याला ते लागायला हवं होतं, हाडापर्यंत.

सोमवारी साधू चार तास फिरायला निघतात आणि आठवड्यात तेवढ्या वेळातच बोलतात. ते आले, दोन-दोनच्या जोड्यांनी, पांढरे झगे घोट्यापर्यंत चिखलात. तिसऱ्या जोडीतला म्हातारा म्हणत होता,

"तू लाकूड फोडतोस की त्याची समजूत काढतोस रे? तास तास ठकठक. भिंतीपलीकडे मला वाटतं, आता ते स्वतःच फुटेल, कंटाळून."

आणि तिचा भाऊ फिर्मँ हसत होता. मान मागे टाकून, लहानपणी हसायचा तसा.

"फिर्मँ."

तो थांबला. तिला ओळखायला त्याला एक क्षण लागला.

"ऑदील? अगं, तू इथं कशी? आईचा गुडघा कसा आहे?"

तीन वर्षांपूर्वी आई जूनमध्ये यायची थांबली, तेव्हा ऑदीलनंच कळवलं होतं: गुडघा दुखतो.

म्हातारा मधे आला. "बाई, वाटेत असं बोलायची रीत नाही..."

"आजोबा, तुम्ही पुढे व्हा. तुमच्याशी तो दर सोमवारी बोलतो."

म्हातारा चार पावलं बाजूला झाला.

"आई गेली," ती म्हणाली. "अकरा दिवस झाले."

फिर्मँनं काठी या हातातून त्या हातात घेतली. ओठ हलले. मग तो हळू म्हणाला,

"काल रात्रीसुद्धा मी गुडघ्यासाठी प्रार्थना केली. असू दे. देवानं ती तिच्याच नावे धरली असेल." त्यानं क्रूसाची खूण केली. चेहरा पुन्हा शांत झाला, धुतलेल्या ताटासारखा. "तू दमली असशील. तिला त्रास झाला का गं?"

ते शांत तोंड ऑदील बघत राहिली. बुटांत तिच्या पायांची बोटं वळली.

"शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती," ती म्हणाली. "रोज. दाराकडे बघत. फिर्मँ आला का. कुत्रं भुंकलं तरी, फिर्मँ आला का. मी म्हणायची, येईल. काय सांगणार होते दुसरं?"

काठी पडली. फिर्मँ खाली बसला, बर्फाच्या राडीतच, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. त्याच्या घशातून एक आवाज आला, तो साधूचा नव्हता.

पुढून कुणीतरी टाळी वाजवली. जोड्या बदलायची वेळ झाली होती. माणसं मागेपुढे झाली, एकजण फिर्मँशेजारी येऊन उभा राहिला आणि तो उठायची वाट बघू लागला. ऑदील उतारावरून निघाली. तिनं मागे पाहिलं नाही.

आपल्याला एक मुलगा आहे, हे आईला शेवटची दोन वर्षं आठवत नव्हतं.