कोमट पाणी

बाटलीच्या तोंडाशी एक थेंब लोंबकळत राहिला होता – पडेना, मागेही जाईना. जाड बुडाची, काळपट निळ्या काचेची बाटली, गळ्याशी सोनेरी पट्टी, त्याखाली जिनसेंगच्या मुळाचं चित्र. आणि आत नळाचं पाणी. मिरानने बाटली जराशी हलवली. थेंब तळहातावर पडला. तिने दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, चांगले गरम होईपर्यंत चोळले, कारण आईचा तसा दंडक होता – गार हातांनी चेहऱ्याला शिवायचं नाही, आणि लावणं चालू असताना डोळे उघडायचे नाहीत. आई डोळे मिटून बसलीच होती. पक्षाघाताने तिचा उजवा हात नेला, जिभेचा वेग नेला, नाकाचा वास नेला. दंडक मात्र सगळे जागच्या जागी होते.

"थापट... चोळू नकोस." एकेक शब्द सुटा सुटा आला. "भांडी घासतेयस?"

"थापटतेच आहे."

"हं. दुसरी... डबी."

दुसऱ्या डबीत औषधाच्या दुकानातलं साधं मलम होतं, तान्ह्या मुलांसाठी मिळतं ते. तेवढं ठेवावंच लागलं, नाहीतर कातडी ओढली असती आणि आईला संशय आला असता. मग तिसरी डबी, मग डोळ्यांखालची वेगळी, मग मानेची वेगळी... सगळीकडे तेच पाणी, तेच मलम, आणि प्रत्येक झाकण मिरान मुद्दाम आवाज करून उघडत होती. खरा माल व्हँकूव्हरहून धाकटा भाऊ तेह्वान मागवायचा, म्हणजे तिथे बसून फोनवर बोट टेकवायचा, आणि खोकं इथे देगू शहरात दाराशी येऊन पडायचं. तेवढ्याने तो श्रावणबाळ झाला होता. खोकं उघडलं की पातळ ते सगळं मिरान मोरीत ओतायची, आणि क्रीम बोटावर घेऊन बुटांना लावायची. शिकवणी वर्गातल्या या गणिताच्या बाईंचे बूट इतके कसे चमकतात, असं पोरं एकदा विचारत होती. चमकणार नाहीत तर काय!

सूड म्हणावा तर केवढासा. कुणाला सांगितला तर हसतील. पण मिरानला तो पुरत होता. वसंतात आई इस्पितळातून घरी आली आणि तिचा चेहरा पहिल्यांदा आपल्या ओंजळीत आला, तेव्हाच तिने ठरवलं होतं, की या चेहऱ्याला उतरताना आपण रोज बघायचं, सकाळ-संध्याकाळ, अगदी जवळून. एक दिवस ही आरसा मागेल आणि मग पालथा ठेवील. त्यानंतर कुणी भेटायला आलं की ही म्हणेल, मला आतल्या खोलीत ने. आणि मी नेईन. अगदी प्रेमाने नेईन.

आतली खोली... तिथल्या खालून तापवलेल्या जमिनीवर पोटावर पडून मिरान गणितं सोडवायची, आणि कागदी दारापलीकडे आई बायकांना क्रीम विकायची. दारोदार फिरून जमवलेली गिऱ्हाइकं होती ती; संध्याकाळी घरीही येत. आईचा चेहरा हीच आईच्या दुकानाची पाटी. अशा पाटीखाली मुरमांनी भरलेली पोर कशी चालेल? लाल, पिकलेले, हनुवटीपासून कपाळापर्यंत... एकदा फार तहान लागली म्हणून ती बाहेर आली. कुणीतरी विचारलं, ही कोण हो? आणि आईची पापणीदेखील लवली नाही. "नणंदेची मुलगी. गावाहून आलीय शिकायला." गल्लीत प्रत्येक बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारायचे. आईला मात्र तेह्वानची आई म्हणायचे, आणि तेह्वान मिरानपेक्षा चार वर्षांनी लहान. त्या दिवशी मी पाणी प्यायले की नाही, ते मला कधीच आठवत नाही.

अकराच्या सुमाराला ओकजा मावशी आली. आईचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आता चर्चमधली मैत्रीण. नासपतीची पिशवी खाली ठेवून तिने बूट काढले आणि मान वर करताच तिथेच थबकली.

"अगं बाई, ताई! हे काय केलंत चेहऱ्याला?"

मिरानच्या छातीत धस्स झालं. भीतीने नव्हे, हावेने. आलं, शेवटी आलं...

"आजारी तुम्ही पडलात की मी?" मावशी गुडघ्यांवर सरकत आईपाशी गेली. "कसली नितळ झालीय कातडी! लग्नाला उभी राहायचीय का पुन्हा?"

आईच्या ओठाचा जो कोपरा अजून चालत होता, तो वर गेला. "हात... लावून बघ."

मावशीने लावून बघितला. "आणि हनुवटीवरची लाली कुठे गेली? लपवू नका, जन्मभर पावडर थापत होतात त्यावर. मला काय कळत नव्हतं?"

"क्रीम," आई म्हणाली. "पहिल्यापासून... तेच. खंड नाही पडू दिला." मग मान मिरानकडे वळली. "हिलाही सांगत होते. आळशी कार्टी. नीट लावलं असतं... तर तोंडाची चाळण झाली नसती."

बार्लीच्या चहाचा पेला मिरानने खाली ठेवला. ती आईकडे बघत होती – रोज बघत होती, दोनदा बघत होती, पण उतरलेला चेहरा शोधण्याच्या नादात समोरचा चेहरा तिने पाहिलाच नव्हता. हनुवटी स्वच्छ होती. नाकाच्या बाजूचे बारीक दाणे गेले होते. कोमट पाणी, तान्ह्या मुलांचं मलम, धुतलेली उशीची खोळ, वेळेवर झोप... आपण सूड उगवत होतो आणि ही बाई दिवसेंदिवस देखणी होत होती! अंगाचा तिळपापड झाला तिच्या. आणि तेवढ्यात, त्या रागाच्या मागून, दुसरंच काहीतरी वर आलं.

बुसान. समुद्रकाठचं ते शहर, कॉलेजचं वसतिगृह, सामाईक मोरी, आणि तिच्याकडे एक साबणाची वडी. हिवाळा सरता सरता चेहरा निवळला होता. वण राहिले, खड्डे राहिले, पण नवं काही उगवेना. समुद्राची हवा मानवली, असं ती समजत आली. समुद्राची हवा! त्याआधी रोज रात्री आई तिला समोर बसवायची, नवीन आलेला प्रत्येक नमुना आधी मिरानच्या गालावर, थरावर थर, आणि मुरूम वाढले की आणखी एक थर. आळशी? मी एक रात्र चुकवली नव्हती. मला चांगलं दिसायचं होतं. मला त्या बाहेरच्या खोलीत यायचं होतं.

म्हणजे हिनेच. चेहरा हिनेच नासवला आणि मग हिनेच लपवला.

"ताई, आमच्या नातीचं बघा ना काहीतरी," मावशी सांगत होती. "वयात आली आणि कपाळ नुसतं भरलंय. शाळेत जाताना केस डोळ्यांवर ओढून घेते."

"कपाटात नवी... डबी आहे. बाटलीपण. मिरान, बांधून दे." आईच्या आवाजात जुना मान परत आला होता. "रोज लावायला सांग. दाट लाव... म्हणावं."

अजून न फोडलेली ती डबी आणि बाटली मिरानने रुमालात बांधली. गाठ दोनदा मारली, दोनदा सोडली आणि तिसऱ्यांदा मारलीच. मग दाराबाहेर, लिफ्टपाशी, मावशीची बाही धरून ती म्हणाली, "मावशी, मुलीला हे लावू नका. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी, साधा साबण, आणि नखं लावू देऊ नका. तेवढंच."

मावशी आधी गोंधळली आणि मग खळखळून हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं. तिने मिरानच्या गालावर, खड्ड्यांवरच, टिचकी मारली. "तू सांगतेस होय! पोरी, ताईंचं तोंड बघू, की तुझं?"

ताईंच्या तोंडावर नळाचं पाणी आहे, मावशी. शब्द अगदी ओठांवर होते. पण पुढचंही तिला दिसत होतं: रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, आजारी आईला फसवते हो पोटची पोर, बुटांना लावते म्हणे... आणि तरीही क्रीम नातीच्या कपाळावरच जाणार, कारण मुलगी दुष्ट निघाली म्हणून क्रीम थोडंच वाईट ठरतं? लिफ्ट आली. मावशी गाठोडं छातीशी धरून खाली गेली.

दुपारी वर्गात फळ्याकडे पाठ करून ती उभी राहिली तेव्हा तिसऱ्या बाकावरची मुलगी हनुवटीवर तळहात ठेवून बसली होती. रोजच बसत असेल. मिरानने समीकरण अर्धवट सोडलं आणि पोरांनीच ते पुरं केलं.

संध्याकाळी पाण्याचं भांडं घेऊन ती आईसमोर बसली. मनगटावर पाणी पाहिलं, फडकं पिळलं. मऊ, स्वच्छ, निवांत चेहरा ओंजळीत आला. आत्ता सांगावं, या क्षणी. तुझं क्रीम मोरीत गेलं आई, सगळंच्या सगळं, आणि बघ तू कशी दिसतेस... पण सांगून काय मिळणार? ही गोंधळेल, रडेल, चढलेल्या रक्तदाबाने पुन्हा आडवी होईल. दुसऱ्या झटक्याचं काही सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले होते. ते ऐकून मिरानला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आता मात्र फडकं आईच्या गालावरच थांबलं.

ही मेली तर? अशीच, नितळ चेहऱ्याने, आपलं बरोबर होतं असं समजून, सगळ्या चर्चने वाखाणलेली... आणि ती पोर तिकडे रोज रात्री दाट थर लावून आरशासमोर? माझं कुणी ऐकणार नाही. माझ्या तोंडाकडे बघून कुणी ऐकणार नाही. ते हिनेच म्हणायला हवं. मी चुकले, हे हिच्याच तोंडून, सबंध वाक्यात, ओकजा मावशीच्या समोर.

मोडक्या शब्दांत नको. मोडक्या शब्दांतलं लोक आजारपणावर ढकलतात. आधी हिची जीभ सुटू दे, मग सगळं सांगू.

जिभेचे व्यायाम इस्पितळातल्या बाईंनी शिकवून ठेवले होते. मिरानने ते एक दिवसही करून घेतले नव्हते. आईची जीभ अडखळली की तिला बरंच वाटायचं. फडकं भांड्यात टाकून ती पुढे सरकली. सूप आणखी अळणी करायला हवं, गोळ्या घड्याळ लावून द्यायला हव्यात, धरून का होईना रोज चालवायला हवं. इतकं जपायचं की हिला काही म्हणता काही होता कामा नये. आईच्या जगण्याची एवढी काळजी तिला जन्मात कधी वाटली नव्हती, आणि त्यात मायेचा लवलेश नव्हता... नसावा.

"आई," ती म्हणाली, "आ कर. जीभ बाहेर काढ. आणखी. आणखी थोडी."

"कशाला?"

"तू बोलायला हवीस म्हणून."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग डोळे भरून आले तिचे, आणि तिने लहान मुलीसारखा आ केला. ते डोळे मिरानने नकळत बोटाने टिपले, आणि त्याबद्दलही तिला आईचाच राग आला.