चौऱ्याहत्तर सालची रिकामी जागा

मित्रांनो, ढाल म्हटलं की तुम्हाला तलवार आणि लढाई आठवेल. मी कुठल्याही लढाईवर गेले नाही. मी सागवानी लाकडाची, शाळाशाळांतून फिरणारी बक्षिसाची ढाल आहे. माझं वय आता दहा वर्षांचं आहे. माझ्याकडं बघून लोक म्हणतात, "काय चकचकीत आहे!" मी मात्र आतून धुमसते आहे. का, ते ऐका.

माझा जन्म रहिमतपूरला कोंडीबा सुताराच्या पडवीत झाला. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या काही शिक्षकांनी ठरवलं होतं, की मुलांना आपल्या राज्याची माहिती असावी, अभिमान असावा, म्हणून दरवर्षी 'आपला महाराष्ट्र' नावाची प्रश्नोत्तरांची स्पर्धा घ्यायची. कोंडीबानं मला आठ दिवस रंधा मारून गुळगुळीत केलं, पॉलिश केलं आणि माझ्या छातीवर महाराष्ट्राचा पितळी नकाशा ठोकला. शेवटचा खिळा मारताना तो बायकोला म्हणाला, "बघ, अख्खा म्हाराष्ट्र माज्या हातात हाय." मला फार बरं वाटलं. त्या नकाशावर एकही नदी काढलेली नव्हती, हे तेव्हा त्याच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

नकाशाभोवती छोट्या पाट्या बसवायला जागा होती. जी शाळा जिंकेल तिचं नाव पाटीवर कोरायचं आणि वर्षभर मला त्या शाळेत ठेवायचं. पहिली चार वर्षं मजेत गेली. मी पलूसला राहिले, सांगलीत राहिले. मुलांची उत्तरं ऐकून मीही शहाणी झाले. जिल्हे किती? सव्वीस. सर्वांत उंच शिखर? कळसूबाई. उल्का पडून झालेलं सरोवर? लोणार. हळद जमिनीखाली पेवांत कुठं साठवतात? हरिपूरला. बरोबर उत्तर आलं की टाळ्या पडायच्या आणि माझं लाकूड शहारायचं.

मग चौऱ्याहत्तर साल उजाडलं.

त्या जानेवारीत स्पर्धा कऱ्हाडला होती. मला व्यासपीठावर हिरव्या कापडाच्या टेबलावर ठेवलं होतं. शेवटी दोनच मुली उरल्या. एक शरयू, वाईकडच्या एका मोठ्या शाळेची, दोन वेण्यांना रिबिनी लावलेली, चटपटीत. दुसरी बनू, पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या जलाशयाकाठी डोंगरावर वसलेल्या वाघजाईवाडीची. तिची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि नाथाजी गुरुजी. गुरुजी तिला घेऊन आले होते, आणि बरोबर तिची आई तानुबाई होती. तिनं लेकीसाठी फडक्यात भाकरी बांधून आणली होती आणि ती मागच्या बाकावर अवघडून बसली होती.

दोघींचे गुण सारखे झाले. मुख्य परीक्षकांनी शेवटचा प्रश्न वाचला, "कोयना नदी कोणत्या दिशेला वाहते? दोघींनी पाटीवर लिहा."

शरयूनं लिहिलं, 'पूर्वेला.'

बनूनं लिहिलं, 'आधी दक्षिणेला. हेळवाकपाशी वळते. मग पूर्वेला.'

परीक्षकांनी हातातल्या कागदाकडं बघितलं. "उत्तर आहे, पूर्वेला. बनू, तुझं चूक."

बनू उभीच राहिली. "सर, माझं बरोबर आहे."

"घाटमाथ्यावरून देशावर येणाऱ्या नद्या पूर्वेला वाहतात. इथं लिहिलंय."

नाथाजी गुरुजी उठले. "साहेब, भिंतीवर नकाशा गुंडाळून ठेवलाय. एकदा उघडून बघूया. मुलीचं बरोबर असलं तर?"

"गुरुजी, तुम्ही शिक्षक आहात. परीक्षकाचा निर्णय अखेरचा असतो, एवढं तरी ठाऊक असावं."

तेवढ्यात मागून आवाज आला. तानुबाई उठली होती. पदर तोंडाशी धरून, पण स्पष्ट बोलली.

"आवं सायेब, म्या त्या न्हदीत धुनं धुतलंय. पान्याच्या वाटंकडं तोंड करून हुबं ऱ्हायलं की दिस डाव्या हाताला उगवायचा. आता तुमीच सांगा, कुनीकडं जात हुती ती?"

सभागृह हसलं. मित्रांनो, हसलं! दोनशे माणसांत एकानंही डावा हात वर करून हिशेब करून बघितला नाही.

"बाई, ही शिकलेल्यांची स्पर्धा आहे," परीक्षक म्हणाले. "खाली बसा."

तानुबाई बसली नाही. "ही काखंत हुती तवा आमचं घर पान्यात गेलं. द्येवाचं देऊळ गेलं. म्हनले, राज्याला वीज पायजे, दिली आमी जागा. आता न्हदीची वाट बी आमची खोटी म्हनता व्हय?"

कुणी तरी तिला दंडाला धरून बाहेर नेलं. बनूला दुसरं बक्षीस म्हणून एक पुस्तक दिलं. तिनं ते माझ्या शेजारी टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मला नको." मग ती आईच्या मागं चालती झाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्यासारखीच ती पेटली होती.

आणि मला काय करता आलं? काहीच नाही! महाराष्ट्र छातीवर मिरवणारी मी, माझ्या त्या चकचकीत पितळेवर कोयनेची साधी रेघ नव्हती. चार दिवसांनी माझ्यावर पाटी बसली, १९७४, आणि खाली चुकीच्या शाळेचं नाव. ते दोन स्क्रू अजून मला सलतात.

मी शरयूच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत टांगली गेले. येणाऱ्याजाणाऱ्याला ते मला दाखवायचे. शरयूवर मी वर्षभर राग धरला होता. तो राग मला गिळावा लागला, हेही प्रामाणिकपणे सांगते.

दिवाळीनंतर त्यांच्या शाळेची सहल कोयना धरण बघायला गेली. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी शरयू मुख्याध्यापकांसमोर उभी राहिली.

"सर, मी सकाळी पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून उभी राहिले. सूर्य डाव्या हाताला होता. मग वर्गातला मोठा नकाशा बघितला. ती मुलगी बरोबर होती. ढाल आपली नाही."

मुख्याध्यापक हसले. "अगं, निकाल लागून गेला. कोरलेलं पुसत नसतात. आणि शाळेचं नाव खराब करायचंय का तुला?"

मधल्या सुट्टीत खोली रिकामी होती. शरयू स्टुलावर चढली, कंपासपेटीतल्या पट्टीच्या कडेनं दोन्ही स्क्रू फिरवले आणि पाटी काढून टेबलावर ठेवली. मग पळून न जाता तिथंच उभी राहिली. मुख्याध्यापक आल्यावर म्हणाली, "मी काढली."

तीन दिवस तिला वर्गाबाहेर उभं केलं. वडिलांना बोलावणं गेलं. तिनं माफी मागितली नाही. उलट वाघजाईवाडीच्या शाळेला पत्र लिहिलं. पुढच्या स्पर्धेला नाथाजी गुरुजी आले, तेव्हा ते एका शिक्षकाला सांगत होते, "पत्र तानुबाईला वाचून दाखवलं. म्हणाली, 'पोरगी गुनाची हाय. पर पाटी कुटं हाय?'" बनू तोवर हेळवाकला आठवीत गेली होती. रोज दोन कोस चालून जायची.

पाटी कुठं आहे? तानुबाईचा प्रश्न रास्त होता. शरयू मागं हटेना, म्हणून मुख्याध्यापकांनी पाटी परत बसवली नव्हती; मी तशीच परत गेले, तेव्हा स्पर्धा चालवणाऱ्यांची बैठक झाली. नकाशा उघडला, सगळ्यांना चूक दिसली. मग त्यांनी काय केलं असेल? नवी पाटी कोरली? बनूला बोलावलं? तानुबाईची माफी मागितली? छे! "उगाच बोभाटा नको" म्हणून ती जागा रिकामी ठेवली आणि पंचाहत्तरची पाटी तिच्या पुढं बसवली.

आज माझ्यावर सगळी वर्षं आहेत, एक सोडून. पाहुणे विचारतात, "चौऱ्याहत्तरला काय झालं?" आणि स्पर्धा चालवणारे गोड हसून सांगतात, "त्या वर्षी स्पर्धाच झाली नाही." एका खोट्यावर दुसरं खोटं!

मित्रांनो, दसऱ्याला मला पुसा, पॉलिश करा, माझी काही तक्रार नाही. पण माझ्या पितळेपेक्षा तिच्यावर लिहिलेलं खरं जास्त जपा. आपल्या राज्याची शिखरं, नद्या, किल्ले खुशाल पाठ करा, छाती फुगवून सांगा. फक्त त्या नदीकाठी ज्यांचा जन्म गेला ते बोलायला उठले, तर त्यांना खाली बसवू नका. अभिमान धरायचा तर त्यांचाही धरा.

आणि कधी माझ्यासमोर उभे राहिलात, आणि कुणी म्हणालं की त्या वर्षी स्पर्धा झाली नाही, तर मला तोंड नाही, तुम्हाला आहे. मोठ्यानं सांगा : झाली होती, आणि वाघजाईवाडीची बनू जिंकली होती.